पंक्तीचा लाभ

घरीं कांहीं कार्य निघालें म्हणजे आप्तेष्टांस ज्या निमंत्रणाच्या चिठ्ठ्या जातात, त्यांत 'आपल्या पंक्तीचा लाभ द्यावा' अशी विनंति करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. हें वाक्य वापरून वापरून इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, लिहिणारा किंवा वाचणारा त्याच्या अर्थाकडे आतां फारसें लक्ष देत नाहीं. परंतु थोडा विचार केला तर त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळून येईल. अन्न यजमानाचें, खर्च यजमानाचा, श्रमहि यजमानाच्या घरच्या माणसांचे; मग लाभ व्हावयाचा तो पाहुण्याचा व्हावा, यजमानाचा कसा? तथापि आपल्या पूर्वजांनीं तो यजमानाचाच मानिला. शेजारीं बसून जेवणारा मनुष्य जितकें घेऊन जातो त्याहून कांहीं अधिक देऊन जातो, अशी त्यांची समजूत होती, हें ह्या एका वाक्यावरून उघड होतें. ही समजूत खरी आहे, हें आम्हांस वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, आणि तेंहि आमच्या मातोश्रींकडून, नव्यानें शिकावें लागलें. तें कसें, हें सांगणें व त्यांतून नीतीचा जो प्रश्न उभा राहतो त्याची थोडी चर्चा करणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या मातोश्रींचें वय सध्यां ८१ आहे. वडील वारल्यापासून, म्हणजे गेलीं नऊ वर्षें, त्या दादरला आमच्या बिऱ्हाडीं असतात. त्यांच्या जेवणाखाण्याची आमच्याकडे हयगय झाली नाहीं, असें आम्ही प्रामाणिकपणें म्हणूं शकतों. डॉक्टरांनीं मीठ बेताचें सांगितलें आहे, तें बेताचेंच पडतें. भात मऊ होतो. आणि घरांतील वडील माणूस म्हणून ताट प्रथम त्यांचें वाढलें जातें. मात्र आम्ही सकाळीं नवाला कॉलेजांत जावयास निघतों, आमची पत्नी बँकेंत असते, चिरंजीव येतील तेव्हां मोबाइलकडे पाहत दोन घास खातात. आणि रात्रीं आम्ही तिघें एकत्र बसतों तीं साडेनवाला, तेव्हां मातोश्रींचें जेवण होऊन दोन तास लोटलेले असतात. दुपारीं स्वयंपाकाच्या बाई त्यांना वाढतात, 'आजी, आणखी कांहीं हवें का?' म्हणून विचारतात, व ओटा आवरूं लागतात. ह्या व्यवस्थेंत कांहीं उणें असेल, अशी शंका आमच्या मनास कधीं शिवली नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं शेजारच्या इमारतींतील एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनीं दहाबारा वृद्ध स्त्रीपुरुषांची एक मंडळी जमविली. मंडळीला नांव नाहीं, घटना नाहीं, अध्यक्ष नाहीं. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारीं साडेअकराच्या सुमारास, दुपारची गर्दी उसळण्यापूर्वीं, मुंबईंतील एखाद्या भोजनगृहांत जावयाचें, सावकाश जेवावयाचें व घरीं परतावयाचें, एवढाच कार्यक्रम. जागा कोणती, हें ज्याची पाळी असेल त्यानें ठरवावयाचें. एका महिन्यांत धोबीतलावास १९०४ पासून चालत आलेल्या कयानींच्या इराणी हॉटेलांत ब्रून-मस्का आणि खिमा, तर दुसऱ्या महिन्यांत कोणा मालवणी बाईंच्या खानावळींत सोलकढी, असा त्यांचा प्रवास चालतो. मंडळींत एक पोस्टांतील निवृत्त अधिकारी आहेत, एक विधुर दंतवैद्य आहेत, एकमेकींच्या आधारानें राहणाऱ्या दोघी बहिणी आहेत, गिरणींत आयुष्य काढलेले एक गृहस्थ आहेत. आणि एके दिवशीं आमच्या मातोश्रींनींहि आपण त्यांत सामील होणार असल्याचें आम्हांस कळविलें.

'अरे, गुरुवारीं दुपारीं माझ्यासाठीं कांहीं करायला सांगूं नका,' त्या म्हणाल्या.

आम्हीं कारण विचारलें, तें त्यांनीं सांगितलें. तेव्हां आमच्या तोंडून जो प्रश्न निघाला, तो अशा प्रसंगीं कोणत्याहि सुशिक्षित पुत्राच्या तोंडून निघाला असता: 'आई, घरीं काय कमी आहे?'

'कमी कांहीं नाहीं रे. वाढणारीं पुष्कळ आहेत, जेवणारें कोणी नाहीं.'

हें उत्तर आम्हांस त्या वेळीं कृतघ्नपणाचें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्या दिवशीं आमच्या मनांत दोन आक्षेप आले. एक असा कीं, ज्या वयांत मनुष्यानें जिव्हेस आवरावें, त्या वयांत नवनव्या पदार्थांच्या शोधांत गांवभर हिंडणें शोभत नाहीं. दुसरा असा कीं, घरचें अन्न सोडून म्हाताऱ्या आईनें हॉटेलांत जेवावें ह्यांत घराचा कमीपणा आहे. पहिला आक्षेप आम्हीं शास्त्राच्या नांवानें मनाशीं घोळविला. दुसरा आमचा खरा आक्षेप होता.

प्रथम दुसऱ्याचाच विचार करूं. आईबापांविषयींचें कर्तव्य म्हणजे काय, असें कोणास विचारलें तर पहिलें उत्तर 'त्यांना अन्नवस्त्र कमी पडूं न देणें' हेंच येईल. सरकारचेंहि उत्तर तेंच आहे. २००७ सालीं आपल्या देशांत आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाविषयीं जो कायदा झाला, त्यांत पालनपोषण ह्या शब्दाखालीं अन्न, वस्त्र, निवास, वैद्यकीय मदत व उपचार ह्या गोष्टी घातल्या आहेत. कायद्यानें ह्याहून अधिक सांगावें अशी अपेक्षाहि कोणी करूं नये, कारण ज्या गोष्टी मोजून घेतां येतात त्यांचाच हुकूम न्यायालय देऊं शकतें. परंतु आमच्यासारख्या पुष्कळांची चूक होते ती येथेंच. कायद्याची जी किमान मर्यादा, तीच आम्ही कर्तव्याची कमाल मर्यादा समजून स्वस्थ बसतों. गाईगुरांस वेळेवर चारा घालणारा मनुष्यहि आपल्या परी कर्तव्यच करीत असतो. अन्न घालणें आणि अन्न बरोबर खाणें ह्या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांत महदंतर आहे. पहिलींत एक देणारा व एक घेणारा असतो. दुसरींत दोघेहि देणारे व दोघेहि घेणारे असतात.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत दानाची थोरवी गाणारें एक सूक्त आहे, त्यांत एकट्यानें खाणाऱ्यास पापाचा भागीदार ठरविलें आहे. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायांतहि केवळ आपल्यापुरतें शिजविणाऱ्यावर तोच ठपका ठेविला आहे. ह्या वचनांचा अर्थ बहुधा 'दुसऱ्यास द्यावें' एवढाच लाविला जातो, आणि तो बरोबरहि आहे. पण त्यांतूनच एक प्रश्न निघतो, त्याकडे आमचें आजवर लक्ष गेलें नव्हतें. जो हौसेनें एकटा खातो त्यास दोष लागत असेल. परंतु ज्यास निरुपायानें एकट्यानेंच खावें लागतें, त्याच्या एकटेपणाचा दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा? आमच्या मातोश्रींच्या ताटांत उणें नव्हतें. उणें होतें तें ताटासमोर.

आतां जिव्हालौल्याच्या आक्षेपाकडे वळूं. वानप्रस्थाश्रमाच्या कल्पनेविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. तृप्त झालेल्या मनुष्यानें आपण होऊन पानावरून उठावें, ह्यांत एक प्रकारचें सौंदर्य आहे. पण आजकालच्या म्हाताऱ्यांच्या वांट्यास जें मिताहाराचें व्रत येतें, तें त्यांनीं घेतलेलें असतें काय? मीठ डॉक्टर ठरवितो, साखर मुलगा ठरवितो, वेळ स्वयंपाकाच्या बाई ठरवितात, आणि भाजी कोणती हें सुनेस बाजारांत जें मिळालें असेल त्यावर ठरतें. अशा रीतीनें ज्याची निवड सर्व बाजूंनीं संपली आहे, त्यानें मुकाट्यानें खाल्लें तर त्यास आम्ही वैराग्य म्हणतों! त्याग करावयाचा तर आधीं कांहीं हातांत असावें लागतें. ज्या गृहस्थांस मधुमेह आहे ते समोर श्रीखंडाची वाटी आली असतां ती शेजारणीकडे सरकवितात, तेव्हां त्यांच्या हातून खरा संयम घडतो. घरीं ती वाटी त्यांच्यापर्यंत येतच नाहीं. म्हणून घरीं त्यांचा संयमहि घडत नाहीं, केवळ बंदोबस्त घडतो.

शिवाय वृद्धांच्या भोजनांत जीभ हीच मुख्य असते, हेंहि खरें नव्हे. सिसरोनें इ. स. पूर्व ४४ मध्यें, आपल्या वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, वार्धक्यावर जो सुप्रसिद्ध संवाद लिहिला, त्यांत त्यानें म्हातारपणाची बाजू मांडण्याचें काम केटोकडे दिलें आहे. केटो म्हणजे साध्या राहणीबद्दल व कडक शिस्तीबद्दल रोमभर गाजलेला पुरुष. असा मनुष्यहि मित्रांबरोबर जेवण्याची आपणांस गोडी असल्याचें तेथें कबूल करतो, आणि ती गोडी खाण्यापिण्यापेक्षां संभाषणाची आहे असें सांगतो. ग्रीक लोकांनीं अशा मेळाव्याला 'एकत्र पिणें' अशा अर्थाचें नांव दिलें, आपल्या लोकांनीं 'एकत्र जगणें' अशा अर्थाचें दिलें, व आपलें नांव अधिक चांगलें, असा त्याचा अभिप्राय आहे. ॲरिस्टॉटलहि मैत्रीचें विवेचन करतांना, मिळून पुष्कळ मीठ खाल्ल्यावांचून माणसांची खरी ओळख पटत नाहीं, ह्या अर्थाच्या म्हणीचा आधार घेतो. डॉक्टरांनीं मीठ कमी करावयास सांगितलें, तें ताटांतील. हें दुसरें मीठ वाढत्या वयांत कमी करावें असें कोणत्याहि वैद्यकाचें मत नाहीं.

एवढें सारें तत्त्वज्ञान आम्हांस आधींपासून पाठ होतें, व वर्गांत आम्हीं तें शिकविलेंहि होतें. पण उमगलें तें एका गुरुवारीं माटुंग्यास. त्या महिन्यांत दोघी बहिणींपैकीं धाकटीची पाळी होती, व तिनें माटुंगा स्थानकाजवळचें रामा नायक यांचें उडुपी पद्धतीचें भोजनगृह पसंत केलें होतें. १९४२ पासून तेथें केळीच्या पानावर जेवण वाढलें जातें. भोजनगृह वरच्या मजल्यावर. मंडळींत तिघांचे गुडघे अधू. म्हणून जिन्यावर हात देण्यासाठीं आम्ही बरोबर गेलों. पानें मांडलीं गेलीं, रसम् आलें, भाजी आली. घरीं अर्धी पोळी झाली कीं 'पुरे' म्हणणाऱ्या आमच्या मातोश्री काय करीत आहेत, हें आम्ही पाहत होतों. त्यांचें लक्ष स्वतःच्या पानाकडे नव्हतेंच. 'ह्यांच्या पानावर भाजी नाहीं, वाढा', 'तुम्हीं भात घेतला नाहींत, असें नाहीं चालायचें', 'एवढीच पुरी? माझ्यासाठीं एक घ्या' असें त्यांचें एकसारखें चाललें होतें. त्या आग्रह करीत होत्या! आमच्या लहानपणीं पंगतींतून फिरतांना त्यांचा जो स्वर आम्हीं ऐकला होता, तो नऊ वर्षांनीं पुन्हां कानीं पडला.

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, आमच्या घरीं त्यांना सर्व कांहीं मिळत होतें, फक्त आग्रह करण्याचा अधिकार उरला नव्हता. स्वयंपाकघर सुनेकडे गेलें. तें जाणें योग्यच होतें. पण त्याबरोबर दुसऱ्याच्या पानाकडे पाहण्याची जागाहि गेली. म्हातारपणाचें मोठें दुःख आपणांस कोणी देत नाहीं हें नसून आपणांजवळून कोणी घेत नाहीं हें आहे. बरोबरीच्या माणसांत बसल्यावर तेथें कोणी कोणाचा पोसलेला नसतो, म्हणून प्रत्येकास कांहीं तरी देतां येतें: आग्रह, चेष्टा, जुनी हकीकत, अर्धी पुरी. निमंत्रणाच्या चिठ्ठींतील 'लाभ' तो हाच.

येथें कोणी विचारील कीं, हेंच करावयाचें तर पाळीपाळीनें एकमेकांच्या घरीं कां करीत नाहीं? आम्हींहि मुख्याध्यापिकाबाईंस हा प्रश्न केला. त्या म्हणाल्या, 'घरीं नको, असा आमच्यांतल्या बायकांचाच नियम आहे. घरीं म्हटलें कीं कोणी तरी स्वयंपाकघरांत राहतेंच.' ह्या उत्तरांत गेल्या पिढ्यांचा इतिहास सांठविलेला आहे. ज्या पंक्तीचे गोडवे आम्हीं लेखाच्या आरंभीं गाइले, ती पंक्ति पुरुषांची होती. बायकांची पंगत मागाहून बसे, उरलेल्या अन्नावर बसे, आणि तींतहि विधवेचें पान वेगळें पडे. आमच्या मातोश्रींनीं साठ वर्षें शेकडों माणसांस जेवूं घातलें; पण गरम अन्नाच्या पहिल्या पंगतीस त्या क्वचितच बसल्या असतील. भोजनगृहाच्या टेबलाशीं त्या बसतात ती त्यांची पहिली पंगत आहे, हें आम्ही विसरलों होतों, आणि वर घराच्या कमीपणाची गोष्ट बोलत होतों.

पंक्तीच्या ह्या संकोचाची दुसरी बाजू जातीची. तिचा इतिहास महाराष्ट्रीय वाचकांस परिचित असला तरी येथें त्याचें स्मरण करणें अवश्य आहे. मुंबईंत १८४९ सालीं दादोबा पांडुरंग वगैरे मंडळींनीं परमहंस सभा स्थापिली, तेव्हां निरनिराळ्या जातींच्या माणसांनीं एकत्र बसून खाणें हें तिच्या मुख्य कार्यांपैकीं एक होतें, आणि तें चोरून करावें लागे. सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं तशी १८६० च्या सुमारास सभाच मोडली. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्यावरून जें ग्रामण्य माजलें, त्यांत रानडे व टिळक ह्यांच्यासारख्यांसहि प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत सांपडावें लागलें. एका पेल्यासाठीं एवढें! पुढें रत्नागिरीस सावरकरांनीं १९३३ सालीं अखिल हिंदु उपाहारगृह काढलें, तें चहा विकण्यासाठीं नव्हे, तर एकत्र बसण्याची संवय लागावी म्हणून. आणि १९५० सालीं अमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत, धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान ह्यांवरून ज्या ठिकाणीं कोणास अटकाव करतां येत नाहीं त्यांची जी यादी आहे, तींत विहिरी, तलाव व रस्ते ह्यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहेंहि स्पष्ट नांव घेऊन घातलीं आहेत. ज्यांना हॉटेल ही केवळ चैनीची जागा वाटते, त्यांनीं हा अनुच्छेद एकवार वाचावा.

मात्र ह्याचा गर्व वाहण्याचें कारण नाहीं. सहभोजनानें जातीची भावना मेली नाहीं, खरा उपाय ह्याहून खोल जावयास हवा, असें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या भाषणांत बजावलें होतें, आणि पुढील वर्षांनीं त्यांचें म्हणणें खोटें पाडलेलें नाहीं. एका टेबलाशीं जेवलेलीं माणसें मुलामुलींच्या लग्नाची गोष्ट निघतांच आपापल्या जातींत परत जातात, हें आपण नित्य पाहतों. आमच्या ह्या मंडळींत कोण कोणत्या जातीचें, हें आम्हांस ठाऊक नाहीं. मातोश्रींस ठाऊक असेल, पण त्यांनीं तें घरीं कधीं सांगितलें नाहीं. ज्या घरांत त्या वाढल्या त्या घरचें सोंवळें लक्षांत घेतां एवढें मौन आम्ही थोडें समजत नाहीं, आणि पुरेसेंहि समजत नाहीं.

आतां तिसरा आक्षेप, जो आमच्या मनांत त्या दिवशीं आला नव्हता, परंतु सर्वांत बळकट तोच आहे. भोजनगृहाच्या दारावर जात विचारीत नाहींत हें खरें. पण तेथें पैसा विचारतात. मग ही पंक्ति म्हणजे ज्यांस निवृत्तिवेतन बरें आहे त्यांचीच चैन ठरत नाहीं काय? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आमच्याच एका चुकीनें मिळालें.

मंडळींतील जे गिरणीवाले गृहस्थ, ते १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणी संपांत बाहेर पडले ते पुन्हां आंत गेले नाहींत. पुढें त्यांनीं मिळेल तें काम करून संसार निभावला. ते मंडळींत दोनतीन महिने आले, व नंतर गुडघ्याचें निमित्त सांगून येईनासे झाले. त्या महिन्यांत विधुर दंतवैद्यांनीं फोर्टांतील एक महागडी जागा ठरविली होती, हें कळल्यावर निमित्ताचा खरा अर्थ आमच्या लक्षांत आला. आम्हीं मातोश्रींजवळ पैसे दिले, व त्या गृहस्थांचा वांटा परस्पर भरावा असें सुचविलें. सुचविण्यांत आमचा हेतु चांगला होता. चांगल्या हेतूनें केलेल्या अपमानाइतका झोंबणारा अपमान दुसरा नाहीं. त्यांना तें कळलें. ते रागावले नाहींत. फक्त पुढले दोन महिने त्यांनीं मंडळीचा फोनहि घेतला नाहीं.

मातोश्री आम्हांस म्हणाल्या, 'पंक्तींत बसवून एकाला वेगळें वाढलें तर त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?' त्यास पंक्तिप्रपंच म्हणतात, हें आम्हांस ठाऊक होतें. पक्वान्न एकास कमी वाढणें हा पंक्तिप्रपंच, तसें एकाचें पान दुसऱ्याच्या दयेवर मांडणें हाहि पंक्तिप्रपंचच. दानाचें स्थान मोठें आहे, पण तें पंक्तीच्या बाहेर. पंक्तीच्या आंत आल्यावर कोणी दाता नाहीं व कोणी याचक नाहीं, ही तिची पहिली अट आहे.

मंडळीनें त्यावर जो तोड काढला, तो आम्हां अर्थशास्त्र वाचलेल्यांस सुचला नसता. सर्वांनीं मिळून ठरविलें कीं, ज्यास सर्वांत कमी झेपतें त्याला जें झेपेल, तीच सर्वांच्या खर्चाची मर्यादा. आणि ती मर्यादा कोणामुळें पडली ह्याचा उच्चार करावयाचा नाहीं. मुख्याध्यापिकाबाईंनीं, 'मलाच अलीकडे महागडें पचत नाहीं,' असें सांगून तो नियम स्वतःच्या नांवावर घेतला. मग त्या गिरणीवाल्या गृहस्थांकडे त्या स्वतः गेल्या, त्या महिन्याची पाळी त्यांची आहे, जागा त्यांनींच ठरविली पाहिजे, म्हणून बजावून आल्या.

ते सर्वांस लालबागेस एका लहानशा खानावळींत घेऊन गेले. तेथें त्यांनीं यजमानाच्या ऐटींत गिरणगांवच्या खानावळींची हकीकत सांगितली. कोंकणांतून व घाटावरून आलेला एकटा कामगार एका खोलींत पाळीपाळीनें झोपणाऱ्या पंधरावीस जणांबरोबर राही, व महिन्याच्या बोलीवर कोणा बाईच्या घरीं जेवी. पगार लांबला तर बाई थांबे. संप झाला तर तीहि बुडे. ह्या अन्नपूर्णांच्या वांट्यास येणारी सावकाराची पिळवणूक थांबावी म्हणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें. आमच्या मातोश्रींनीं जन्म दादरला काढला. पण तेथून हांकेच्या अंतरावर हें सारें जग होतें, हें त्यांना त्या दिवशीं प्रथम कळलें. 'त्यांनीं आम्हांला आज खरें जेवूं घातलें,' असें घरीं आल्यावर त्या म्हणाल्या. पैसे अर्थातच प्रत्येकानें आपापले दिले होते.

एक गोष्ट मात्र ह्या सर्व विवेचनांत अपुरी राहते, ती सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. घरीं कोणी तरी स्वयंपाकघरांत राहतें म्हणून बायका भोजनगृहांत गेल्या; पण भोजनगृहासहि स्वयंपाकघर आहेच. तेथें वाढणारा मुलगा आपला मुलुख सोडून आलेला असतो, आणि सर्वांचें झाल्यावर उभ्याउभ्या खातो. ह्या शेवटच्या पंगतीचा प्रश्न मंडळीला सुटलेला नाहीं व आम्हांसहि सुटलेला नाहीं. गर्दीच्या वेळीं जागा अडवून बसूं नये, वाढणाऱ्याशीं नीट बोलावें, त्याच्या हातावर ठेवावयाचे पैसे विसरूं नयेत, एवढें ते पाळतात. हें थोडें आहे, हें त्यांनाहि कळतें.

तसेंच ज्यांचे पाय उंबऱ्याबाहेर पडत नाहींत, अशीं माणसें घरोघर आहेत. २०११ च्या जनगणनेंतच साठीच्या पुढील माणसें ह्या देशांत दहा कोटींहून अधिक भरलीं होतीं. त्यांतील कितीशीं गुरुवारीं माटुंग्याचा जिना चढूं शकतील? त्यांच्यापर्यंत पंक्तीनेंच गेलें पाहिजे, आणि तें काम मंडळ्यांचें नव्हे, घरच्या माणसांचें आहे. कारण मंडळी महिन्यांतून एकदां जमते. जेवण रोज दोन वेळां येतें.

आम्हीं आमच्यापुरतें एवढें केलें आहे कीं, रात्रींचें जेवण साडेनवाऐवजीं साडेसातास, म्हणजे मातोश्रींच्या वेळेस आणलें आहे. आरंभीं तें जड गेलें. आमचें वाचन मोडलें, चिरंजीवांनीं कुरकुर केली, पत्नीस बँकेंतून येऊन उसंत मिळेनाशी झाली. म्हणून वाढावयाचें काम आतां आम्हां बापलेकांकडे आलें आहे, व सर्व वाढून झाल्यावर सर्वच एकदम बसतात. गुरुवारची मंडळी ह्यामुळें बंद पडली नाहीं, व पडूंहि नये. बरोबरीच्या माणसांची जागा मुलांस कधींहि भरून काढतां येत नाहीं. परंतु हल्लीं आमच्या ताटांतील भाजी संपली कीं समोरून 'आणखी थोडी घे' असा शब्द येतो, आणि भूक नसली तरी आम्ही घेतों. नऊ वर्षें आम्ही त्यांना जेवूं घालीत होतों. त्यांच्या पंक्तीचा लाभ आम्हांस आतां होऊं लागला आहे.